तव्यानं भाजलं म्हणे

फ्रीजमधून काढलेला पिझ्झा चपलेच्या तळासारखा कडक होतो, हे मारुतरावांना त्या सकाळी कळलं. तोवर त्यांचा आणि पिझ्झ्याचा संबंध खालच्या रस्त्यावरून भुर्रकन जाणाऱ्या डिलिव्हरीवाल्या पोरांपुरताच होता.

"मामा, त्या खोक्याला हात लावू नका," ओट्यापाशी उभी असलेली सून, पूनम, म्हणाली. "निम्म्या तुकड्यांवर चिकन आहे."

मारुतरावांनी विंचू दिसावा तसा हात मागे घेतला. गळ्यात तुळशीची माळ पडून त्यांना निम्मा जन्म होत आला होता. रहाटणीच्या देवळात कीर्तन असलं की टाळकऱ्यांच्या ओळीत त्यांची जागा ठरलेली. बुवा नवखे असले तरी पहिल्या चरणालाच मारुतरावांकडे बघून हसत, कारण अभंगाला नीट सुरुवात व्हायच्या आत ह्यांचे डोळे भरून आलेले असत. आळीत कुणाचं भांडण लागलं, भिंतीचा वाद झाला, तर लोक म्हणत, मारुतरावांना विचारा, माळकरी माणूस, खोटं बोलायचं न्हाई.

पूनमने चिकनचे तुकडे भाडेकरूंना द्यायला वेगळे काढले. मक्याचे आणि नुसत्या चीजचे राहिले ते ताटलीत घेतले. भाकरीचा तवा मात्र तिने बाजूला सरकवला. चिकनला लागून राहिलेलं अन्न त्या तव्यावर गेलं असतं तर मामा दुपारी जेवायला बसले नसते, हे तिला न सांगता कळत होतं. कोटिंग उडालेला डोशाचा जुना तवा तिने काढला, गॅस बारीक केला, दोन तुकडे मांडले, कडेला पाण्याचे थेंब शिंपडले आणि वर झाकण ठेवलं. पाणी चुर्र झालं. खालची पोळी कुरकुरीत होते आणि वरचं चीज वाफेवर सुटतं, हे ती मोबाईलवर बघून शिकली होती.

"एवढी उठाठेव कशाला गं त्या शिळ्या तुकड्यांची? दुधात भाकरी कुस्करून दे की त्याला."

"चमच्याने खावी लागते ना ती. डाव्या हाताने सांडते मामा, आणि सांडलं की ताटावरून उठतात," ती आवाज बारीक करून म्हणाली. "हा निदान हातात धरून खाता येतो."

एका हाताने भाकरी मोडत नाही, हे मारुतरावांनी आदल्या दिवशी पाहिलं होतं. मुलाचा, रणजीतचा, उजवा हात बोटांपासून कोपराच्या खालपर्यंत पट्टीत. डाव्या हाताने तो भाकरी ताटात दाबून तोडायला गेला, तर अख्खं ताट सरकलं आणि कालवण सतरंजीवर आलं. पूनम घास भरवायला पुढे झाली, तसा बापासमोर लाजून तो ताटावरून उठला.

हात भाजला होता महाळुंग्याच्या कंपनीत. प्लॅस्टिकचे भाग ओतणाऱ्या मशीनवर रणजीत ठेकेदाराकडून कामाला होता. त्या मशीनला पुढे एक झाकण असतं. झाकण उघडलं की मशीन आपोआप थांबायला पाहिजे. पण थांबलं की माल कमी निघतो, म्हणून ती थांबायची सोय कुणीतरी तार जोडून बंद करून ठेवली होती. त्या दिवशी अडकलेला तुकडा काढायला रणजीतने हात घातला आणि वितळलेलं प्लॅस्टिक भसकन हातावर आलं. प्लॅस्टिक पाण्यासारखं ओघळून जात नाही. ते चिकटतं. ओढलं की कातडीसकट निघतं.

आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीत पिझ्झा वाटला. गेटवर एक फलक आहे, इतके दिवस अपघात झाला नाही असं सांगणारा. त्यावरचा आकडा मोठा झाला म्हणून साहेबांनी सगळ्या शिफ्टला पार्टी दिली. उरलेली दोन खोकी सुपरवायझर जयसिंगने स्वतः रणजीतच्या घरी आणून दिली होती.

झाकण काढून पूनमने ताटली पुढे ठेवली. रणजीतने तुकडा डाव्या हातात घेतला, चीजची तार लांबवर ताणली गेली. त्याने तुकड्याकडे बघितलं आणि हसला.

"आप्पा, हा पिझ्झा कशाचा हाय म्हाईत हाय का? माझा हात भाजला न्हाई, त्याचा."

"खा बाबा," मारुतराव म्हणाले. "अन्नापुढं असं बोलू नये."

"मी खातोयच की. भूक लागलीय."

तेवढ्यात दारात गाडी थांबली. जयसिंग आला होता.

जयसिंग गावचाच. कंपनीत तो ठेकेदाराचा सुपरवायझर, आणि देवळात सप्ताहाची सगळी व्यवस्था त्याच्याकडे. कोणत्या दिवशी कोणते बुवा, कुणाची पंगत, मंडप कुठवर, सगळं तो बघायचा. वारकरी रीतीप्रमाणे आल्या आल्या तो मारुतरावांच्या पायाशी वाकला. मारुतरावही त्याच्या पायाशी वाकले. वयाने तो पोराएवढा. पण माळेपुढे वय बघायचं नसतं.

"रामकृष्णहरी माउली. काय भावा, बरं वाटतंय का?"

"आग होतीय," रणजीत म्हणाला.

"होणारच. डॉक्टर चांगला हाय तो, म्हणून तर तुला सरकारी विम्याच्या दवाखान्यात न नेता चाकणला खाजगीत नेलं." जयसिंग खुर्चीत टेकला. "बरं, ऐक. कंपनीतल्या कुणीतरी वर फोन केलाय. एक सरकारी मॅडम आज दुपारी तुझ्याकडं येणारेत. तेजस्विनी मॅडम. इचारतील, कुठं भाजलं."

"कुणीतरी कशाला म्हणताय, बुद्धरत्न असेल," रणजीत म्हणाला. बुद्धरत्न त्याच्या शेजारच्या मशीनवरचा. त्या दिवशी पाण्याच्या टाकीपर्यंत त्यानेच रणजीतला ओढत नेलं होतं. "विचारू देत की. खरं काय ते सांगतो."

"अरे भावा, तू खरं सांगणार, मग लाइन बंद पडणार. तुझं नाव पर्मनंटसाठी मी स्वतः पुढं सरकवलंय. ह्या महिन्यात होतंय. आणि आत्ताच तू असला राडा घालणार?"

"हाताचं काय?"

"हाताचं बघतोय ना कंपनी! तू फक्त घरी भाजलं म्हण." जयसिंगने इकडेतिकडे पाहिलं. त्याची नजर ओट्यावरच्या तव्यावर गेली, मग ताटलीतल्या पिझ्झ्यावर. तो मांडीवर थाप मारून हसला. "हे बघ की! देवानंच मांडून ठेवलंय. पिझ्झा गरम करत होतो, तव्यावर हात पडला. झालं."

"हातावर तवा उलटा पडला तरी असं भाजत नाही, भाऊजी," पूनम तव्यावरचं झाकण पुसता पुसता म्हणाली.

"वहिनी, डॉक्टर न्हाईत हो त्या मॅडम."

रणजीतने अर्धा तुकडा ताटलीत ठेवला. "मी नाही म्हणणार, जयसिंगभाऊ. माझ्या जागेवर उद्या दुसरा उभा राहील त्याच झाकणापुढं."

जयसिंग रागावला नाही. तो उठला आणि मारुतरावांना म्हणाला, "माउली, जरा देवळापर्यंत येताय का? सप्ताहाचं बोलायचं होतं."

देवळाच्या पायरीवर सप्ताहाचं काही बोलणं झालं नाही. आत समई तेवत होती, कुणीतरी गंध उगाळत बसलं होतं. जयसिंगने मारुतरावांचा हात दोन्ही हातांत धरला.

"पोरगं रागात हाय माउली. त्याचं चुकत न्हाई. पण तुमी जाणते. आपल्या जमिनी गेल्या, तवा घरटी एक नोकरी म्हणाले होते. मिळाली का? तुमी वॉचमनकी करून म्हातारे झाला. आता रणजीतला चालून आलीय. तो काय बी बोलू दे, मॅडम तुमच्याकडं बघतील. तुमच्या गळ्यात माळ हाय. तुमी म्हणाल ते खरं. ह्या पांडुरंगासमोर सांगतो, रणजीतला पर्मनंट करून दावतो."

पांडुरंगासमोर सांगतो म्हणाला. देवळाच्या पायरीवर, माळ घातलेला माणूस. मारुतरावांच्या लेखी विषय तिथेच मिटला. कंपनीतल्या माणसाचा शब्द त्यांनी दहा वेळा पारखून घेतला असता. माळकऱ्याचा पारखायचा असतो, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

घरी येताना मनात खळखळ होतीच. मग त्यांना मागच्या कीर्तनातलं निरूपण आठवलं. गाय जीव घेऊन पळत येते, झाडाखाली साधू बसलेला. मागून कसाई येतो, विचारतो, गाय कुणीकडं गेली? साधू उलट दिशेला बोट दाखवतो. बुवांनी हे इतकं रंगवून सांगितलं होतं की मृदंगवाल्याचासुद्धा हात थांबला होता. जीव वाचवायला बोललेलं खोटं देवाच्या खात्यावर पडतं, असं काहीसं बुवा म्हणाले होते. मारुतरावांनी ते घट्ट धरलं. माणसाला हवा तो दृष्टांत हव्या त्या वेळी बरोबर आठवतो.

तेजस्विनी मॅडम दुपारी आल्या. तरुण होत्या, उन्हाने लाल झालेल्या, पूनमने दिलेलं पाणी त्यांनी एका दमात संपवलं. बोलणं साधं.

"रणजीत, कुणाला घाबरू नका. काय झालं ते सांगा."

रणजीतने सांगितलं. झाकण, तार, प्लॅस्टिक, पाण्याची टाकी. चिडून बोलत होता, मागचं पुढे होत होतं, मध्येच पिझ्झ्यावर घसरला, साहेबाला शिवी हासडून जीभ चावली. मॅडम लिहून घेत होत्या. मग त्या म्हणाल्या, "कंपनी म्हणते, तुमचं ठेकेदाराशी आधीपासून भांडण आहे. पर्मनंट करत नाहीत म्हणून."

"भांडण हाय ते हायच. म्हणून काय हात जाळून घेईन का मी?"

मॅडमनी मारुतरावांकडे मान वळवली. नजर चेहऱ्यावर टेकली, मग माळेवर. "आजोबा, तुम्ही घरातले मोठे. तुम्ही सांगा."

रणजीत निर्धास्त होता. बापाकडे बघून त्याने मानही हलवली, सांगा म्हणून.

मारुतराव म्हणाले, "घरीच भाजलं, बाई."

पूनमच्या हातातला पेला तसाच राहिला.

एवढं बोलून थांबले असते तरी चाललं असतं. पण आयुष्यभर कीर्तनं ऐकलेला माणूस. आख्यान अर्ध्यावर कसं सोडावं, हे त्यांना माहीत नव्हतं. सून नळावर गेली होती, ते म्हणाले. पोराला भूक लागलेली. त्याने फ्रीजमधून पिझ्झा काढला, हा न्हवं, ह्याच्या आधी एकदा आणलेला. गॅस मोठा ठेवला, त्याला काय ठावं बारीक ठेवायचा असतो. वरून झाकण घातलं. झाकण तापलं, ते उचलायला गेला, वाफ अंगावर आली, हात झटकला तो थेट तव्यावर, आणि वरचं चीज उकळलेलं, ते हातभर चिकटलं. ओढलं तर कातडीसकट आलं. सांगताना त्यांचा आवाजही भरून आला, कारण कातडीचं खरं होतं.

मॅडम उठून ओट्यापाशी गेल्या. डोशाचा तवा, झाकण, खोक्यातले उरलेले दोन तुकडे, सगळं बघितलं.

"माळ हातात धरून सांगता, आजोबा?"

मारुतरावांनी माळ धरली. "व्हय."

रणजीत अर्धवट उठला, परत बसला. बोलायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. बापाला खोटं पाडायचं तर मॅडमसमोर, आळीसमोर, त्या माळेला खोटं पाडायचं. ते त्याच्याने झालं नाही. मॅडम निघताना त्याच्याजवळ थांबल्या आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "नोकरीचा राग असा काढू नये." मग गेल्या.

"पोरा, तुझ्याच..." मारुतराव म्हणाले.

"आप्पा, जरा पडतो मी," रणजीत म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

महिना सरत आला, तरी जयसिंगचा फोन नाही. मारुतरावांनी लावला तर वाजून वाजून बंद व्हायचा. पट्टी बदलायला चाकणच्या डॉक्टरकडे गेले, तर तिथे कळलं की कंपनी आता पैसे भरत नाही. विम्याच्या दवाखान्यात गेले, तर तिथे पहिला प्रश्न, कामावर भाजलं की घरी? रणजीतने बापाकडे पाहिलंही नाही. "घरी," तो म्हणाला. इलाज झाला, पण कामावर भाजलेल्याला घरी बसल्या जो पगार मिळतो, तो घरी भाजलेल्याला लागू नव्हता.

मग एका संध्याकाळी बुद्धरत्न आला. चहा घेतला, पण अर्धा ठेवला.

"काका, मला काढलं. खोटी तक्रार केली म्हणे मी."

मारुतरावांना त्याच्याकडे बघवेना. "बाबा, माझं..."

"ते जाऊ द्या. भोसरीला एका वर्कशॉपमध्ये बघतोय मी काम. मिळंल." बुद्धरत्न रणजीतकडे वळला. "तुझ्या मशीनवर नवीन माणूस दिलाय राव. लातूरकडचा हाय. झाकण हाय तसंच हाय. तार मी जाता जाता तोडली होती, दुसऱ्या दिवशी त्यांनी परत जोडली."

मारुतराव उठले, चप्पल न घालताच देवळात गेले. जयसिंग मंडपवाल्याशी बोलत उभा होता. त्यांना बघताच तो वाकला, पायांना हात लावला.

"जयसिंग, तू पांडुरंगासमोर सांगितलं व्हतंस."

"व्हय माउली. आन् मी शब्द टाकला बी. पण साहेब म्हणाले, ज्याचा हात घरी भाजला, त्याला आपण कशाला पर्मनंट करायचं? हात वाकडा राहिला तर मशीन कसं चालवंल? मी काय बोलणार? घरी भाजलं असं तुमीच तर सांगितलंत. माळ धरून." त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. समजावल्यासारखं बोलत होता, आणि तेच जास्त लागत होतं. "असू द्या. सप्ताहात पहिल्या दिवशी टाळाला तुमीच उभं राहायचं बरं का."

मारुतरावांना तो साधू आठवला, आणि ती गाय. गाय कुणीकडं गेली, ते आपणच बोट दाखवून सांगितलं. कसायाला दुसऱ्या वाटेनं धाडायचं सोडून गोठ्याचं दार उघडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पूनमला मॅडमचा नंबर लावायला सांगितलं.

"बाई, मी रहाटणीचा मारुतराव. पोराचा हात... मी खोटं बोललो. कंपनीतच भाजला. मशीनवर."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग मॅडम म्हणाल्या, "आजोबा, प्रकरण मिटवून महिना होत आला. त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, माळ धरून सांगता का म्हणून."

"व्हय. आजबी धरलीय. हातात हाय."

"मग मी कोणत्या दिवसाची खरी मानू?" त्या कठोरपणे बोलत नव्हत्या, थकल्यासारख्या वाटत होत्या. "तुम्ही आता लिहून दिलंत तर मी पुढे पाठवते. पण कंपनीचा वकील तुमचं आधीचंच बोलणं पुढे करेल. तव्याचं, वाफेचं, सगळं. इतकं बारीक सांगितलंत तुम्ही, की मलासुद्धा अजून तेच खरं वाटतंय."

फोन ठेवून मारुतराव म्हणाले, "मी लिहून देणार. वकील काय म्हणंल ते म्हणू दे. आन् आळीत बी सांगणार. दारोदार जाऊन सांगतो, मी खोटं बोललो म्हणून."

"नका," रणजीत म्हणाला. महिन्यात पहिल्यांदा त्याने बापाच्या तोंडाकडे बघितलं होतं. पट्टी निघाली होती. हाताची कातडी गुलाबी, चुरगळलेल्या कागदासारखी, आणि दोन बोटं पुरती उघडत नव्हती. "माझा हात गेला तो गेला. आता लोक तुम्हाला खोटारडा म्हणतील आणि मला लबाड. बाप-लेकांनी पैशासाठी गोष्ट बदलली म्हणतील. आपल्या घरात तेवढा एक शब्द चालत होता आप्पा. तुमचा. तो राहू द्या आता."

"पण पोरा, तो खोटाय..."

"म्हणून तर म्हणतोय, राहू द्या."

तो बाहेर पायरीवर जाऊन बसला. ऊन आलं होतं. शेजारच्या शालनबाई मुलीच्या बाळंतपणाला महिनाभर सांगलीकडे होत्या, त्या आदल्याच दिवशी परतल्या होत्या. धुणं वाळत घालता घालता त्यांचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं आणि ओला परकर तसाच हातात घेऊन त्या पुढे आल्या.

"अगं बाई, रणजीत! हाताला काय करून घेतलंस रे?"

मारुतराव दारात होते. त्यांना वाटलं, आता पोरगं बोलेल. बोलावं त्याने. ओरडून सांगावं, आपल्या म्हाताऱ्याने काय केलं ते.

"काय नाय मावशी," रणजीत हसला. "पिझ्झा गरम करायला गेलो."

"काय करायला?"

"पिझ्झा. शिळा होता फ्रीजमधला."

शालनबाई इतक्या हसल्या की परकर खांद्यावर टाकून त्यांनी डोळे पुसले. "बायको घरात असताना तुला कुणी सांगितलं रे गॅसपाशी जायला? पूनम, ए पूनम! अगं नवऱ्याला तव्याशी सोडून कुठं गेली होतीस?"

"नळावर," आतून पूनमचा आवाज आला.

समोरच्या दारातून कुणीतरी विचारलं, काय झालं हो? शालनबाईंनी तिथूनच ओरडून सांगितलं, आणि तिकडेही हशा झाला. "घरी भाजलं एवढंच ऐकलं होतं, कसा काय पण हात पडला रे?" कुणीतरी म्हणालं. रणजीतने चांगला हात पुढे करून दाखवायला सुरुवात केली. गॅस मोठा होता, तो म्हणाला. मला काय ठावं बारीक ठेवायचा असतो. झाकण तापलं, उचलायला गेलो, वाफ आली, हात झटकला तो थेट तव्यावर, आणि वरचं चीज उकळलेलं. मारुतरावांनी मॅडमना सांगितलं होतं अगदी तसंच, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत. बाया हसत होत्या, तोही हसत होता, आणि सांगताना पोरगं कुठे म्हणजे कुठेही अडखळलं नाही.